जुनी मोटार : हौस, हिशेब आणि दुखणी

आज मी आपल्याशी जुन्या मोटारीविषयी बोलणार आहे. जुनी म्हणजे दहा-बारा वर्षे वापरून बाजारात विकायला काढलेली गाडी नव्हे. जिचा कारखाना कधीच बंद झाला, जिचे सुटे भाग शोधावे लागतात, आणि तरीही जी घरातून काढून टाकायला कुणाचा हात होत नाही, अशी फियाट, ॲम्बॅसिडर किंवा पेट्रोलवर चालणारी जीप. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, कुठेही जा, एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी सापडते. आजोबांनी घेतलेली असते, वडिलांनी चालवलेली असते, आणि आता मुलापुढे प्रश्न असतो, की ठेवावी, की भंगारवाल्याला बोलवावे?

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, त्यांत खेड्यांवरचे शिक्षकमित्र जास्त. मी यंत्रशास्त्राचा माणूस नाही, अर्थशास्त्र शिकवतो. पण प्रश्नाची अर्धी बाजू हिशेबाचीच आहे, आणि उरलेली अर्धी बाजू मिस्त्री लोकांजवळ बसून बसून शिकता येते. तेव्हा दोन्ही बाजू सांगतो.

या गाड्या आल्या कुठून ते थोडक्यात पाहू. शेठ वालचंद हिराचंद, मूळचे सोलापूरचे, यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात, पुढे इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी तिथे तयार होऊ लागली. तिचेच नाव पुढे १९७० च्या दशकात पद्मिनी झाले. ॲम्बॅसिडर बंगालमधल्या उत्तरपाड्याची, हिंदुस्थान मोटर्सची. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप जोडायला घेतली. त्याच्याही आधी, १९२८ साली, जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जोडायचा कारखाना काढला होता. पण नुसती जोडणी नको, भाग इथेच बनवा, असे सरकारचे धोरण ठरले आणि १९५४ साली त्या कंपनीने गाशा गुंडाळला. त्यामुळे पुढची तीस वर्षे आपल्या रस्त्यांवर मोटारी मोजक्याच जातींच्या राहिल्या. याचा एक फायदा असा झाला, की देशातला प्रत्येक मिस्त्री या गाड्या डोळे मिटून उघडू-जोडू शकत असे. आज तोटा असा, की ते मिस्त्री साठीच्या पुढे गेले आहेत. पद्मिनीचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले, ॲम्बॅसिडरचे २०१४ च्या मे महिन्यात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरल्या.

आता हिशेब. लोक हिशेब चुकवतात तो इथे, की गाडी चालवली तरच खर्च येतो असे धरून चालतात. गाडी जागची हलली नाही तरी काही खर्च येतोच. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. हे शुल्क पूर्वी सहाशे रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीसाठी दहा हजार रुपये झाले. म्हणजे वर्षाकाठी दोन हजार. शिवाय पर्यावरण कर वेगळा. मुदत टळली तर दंडाची आकारणी महिन्यामहिन्याने वाढत जाते, हे विशेष लक्षात ठेवा. कारण ताडपत्रीखालच्या गाड्यांचे कागद बहुधा आठ-दहा वर्षे कुणी पाहिलेले नसतात.

दुसरा खर्च विम्याचा. तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे एक हजार ते पंधराशे सी.सी.च्या खाजगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि त्याच्यावर कर, म्हणजे सुमारे चार हजार. फियाटचे इंजिन १,०८९ सी.सी.चे, ॲम्बॅसिडरचे जुने पेट्रोल इंजिन १,४८९ सी.सी.चे, म्हणून दोन्ही याच गटात बसतात. जीपचे इंजिन दोन लिटरच्या वरचे, म्हणून ती वरच्या गटात जाते आणि तिचा दर ७,८९७ रुपये. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचाही विमा काढायचा असेल, तर इतक्या जुन्या गाडीची किंमत तक्त्यावरून ठरत नाही. विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. तेव्हा एजंट जो आकडा लिहील त्याखाली सही करू नका. गाडीचे फोटो काढा, केलेल्या कामाच्या पावत्या दाखवा आणि मग आकडा ठरवा.

तर नोंदणी दोन हजार आणि विमा चार हजार, असे वर्षाला सहा हजार रुपये चाक न फिरवता गेले. आता चालवण्याचा खर्च पाहा. वर्षभरात दोनच हजार किलोमीटर चालवली, लिटरला दहा किलोमीटर पडले आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर दोनशे लिटरचे एकवीस हजार होतात. बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलावी लागते. टायर झिजले नाहीत तरी म्हातारे होतात, त्यांचे रबर तडकते. फियाटला ५.२०-१४ आणि ॲम्बॅसिडरला ५.९०-१५ या मापाचे टायर लागत, ते आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. घेताना टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. दुकानात पाच वर्षे पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून गळ्यात मारला जातो, तो असा ओळखायचा.

एवढ्यावर भागले तर उत्तमच. पण इंजिन उघडायची पाळी आली की हा सगळा हिशेब बाजूला राहतो. पाच वर्षांच्या कागदपत्रांचा आणि विम्याचा मिळून जो खर्च, तो त्या एका कामात सहज बुडतो. म्हणून मी विचारणाऱ्याला नेहमी सांगतो, की गाडीसाठी एक वेगळी वही घाला आणि दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकत जा, बैलाच्या वैरणीसाठी टाकता तशी. सोयाबीनचा पैसा आला की गाडी दुरुस्त करू, असे म्हटले तर सोयाबीनचा पैसा आधी कुठे जातो ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. आणि जुनी गाडी म्हणजे गुंतवणूक, तिची किंमत वाढत जाते, असे जे कानावर येते ते मुंबई-पुण्याच्या निवडक गाड्यांपुरते खरे आहे. आपल्याकडच्या सर्वसाधारण फियाटला ते लागू करू नये.

दुखण्यांकडे वळतो. जुन्या मोटारीची दुखणी पुष्कळ आहेत, पण आपल्या भागात तीन मुख्य. पाण्याचे, पेट्रोलचे आणि ब्रेकचे.

पाण्याचे दुखणे वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचे सख्खे भावंड आहे. फियाटच्या इंजिनाचा खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. तापले की ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावते. थोडे तापले तर बिघडत नाही, पण पाणी संपून इंजिन भलतेच तापले तर हेड वाकडे होते, मधले गॅस्केट जळते, आणि पाणी ऑइलमध्ये किंवा सिलिंडरमध्ये शिरते. ऑइलच्या दांडीवर दुधाळ चहाच्या रंगाचा फेस दिसला, किंवा मागच्या नळीतून पांढरी वाफ सारखी येत राहिली, तर गाडी तिथेच थांबवावी. आमचे एक जुने मिस्त्री म्हणत, “सर, गाडी पानी पेऊन राह्यली म्हणजे घरचं लग्न निघालं समजा.”

पण इंजिन तापते का? नुसत्या उन्हाने नव्हे. आपल्या बोअरचे पाणी जड असते. पाणी तापवण्याच्या हंड्याला आतून पांढरा थर धरतो, तो आपल्या घरोघर पाहायला मिळतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. नळी अर्धी बुजली की पाणी फिरत नाही, पाणी फिरले नाही की उष्णता बाहेर जात नाही. म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीही घालू नये. बॅटरीसाठी मिळते तसले शुद्ध पाणी आणि त्यात योग्य प्रमाणात कूलंट घालावे. नाइलाजाने वाटेत विहिरीचे पाणी घालावेच लागले तर घरी आल्यावर काढून टाकावे. पंख्याचा पट्टा सैल झाला आहे का ते अंगठ्याने दाबून पाहावे. आणि तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये, तसेच तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. झाकण उघडले तर माणूस भाजतो, थंड पाणी ओतले तर धातू तडकतो.

इथे एका प्रथेविषयी बोलतो. गाडी तापते म्हटले की पुष्कळ मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. इंजिन ठरावीक उष्णतेला पोचेपर्यंत पाणी अडवून धरणारी ही एक लहानशी झडप असते. ती बिघडून बंदच राहिली तर इंजिन तापते हे खरे, पण उपाय झडप बदलणे हा आहे. ती काढून टाकली की थंडीच्या दिवसांत इंजिन लवकर ऊबच धरत नाही, पेट्रोल जास्त खाते आणि आतून झिजते. तापाची गोळी नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे हे आहे, पण रुजले आहे खरे.

आता पेट्रोल. हे दुखणे आजच्या काळाचे आहे आणि त्याविषयी गैरसमज फार आहेत. या गाड्या बनल्या तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे असे. १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. हवेच्या आणि मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण ॲम्बॅसिडरसारख्या इंजिनात, जिथे व्हॉल्व्ह थेट बिडाच्या बैठकीवर आपटतो, तिथे शिशाचा थर गादीसारखा काम करीत असे. गादी गेली, बैठक हळूहळू झिजू लागली. हेड कधी उतरवलेच तर कठीण पोलादाच्या नव्या बैठका बसवून घ्याव्यात, म्हणजे तो प्रश्न कायमचा मिटतो.

दुसरा बदल इथेनॉलचा. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ साली गाठले गेले आणि २०२५ पर्यंत पंपांवर वीस टक्क्यांचे पेट्रोल सर्रास आले. उसापासून, मक्यापासून, तांदळापासून ते बनते, म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात हित आहे, हे मी नाकारीत नाही. पण जुन्या गाडीला ते सोसत नाही, याची तीन कारणे. एक, इथेनॉलमुळे जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. इंजिनाशेजारी पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रण. दोन, इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. पावसाळाभर गाडी अर्ध्या टाकीने उभी राहिली की तळाला पाणी जमते, पत्रा गंजतो आणि तो गंज कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. तीन, एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. वीस टक्के मिसळले तर एकूण ऊर्जा शेकडा सहा-सात कमी होते. नव्या गाड्यांचे संगणक ते सांभाळून घेतात. आपल्या कार्बोरेटरला ते कळत नाही, म्हणून गाडी ओढत नाही, गचके देते.

उपाय फार महाग नाहीत. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्याव्यात. पंपाचा पडदा आणि गॅस्केटही तसलेच पाहून बदलावेत. टाकीनंतर एक पारदर्शक गाळणी बसवावी, म्हणजे गंज डोळ्यांना दिसतो. गाडी महिनोन्‌महिने उभी करायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी. कार्बोरेटरचे जेट किंचित मोठे करणे हे मात्र जाणत्या माणसाचे काम आहे.

शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे की नाही हे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात दाखवता येते. नव्वद मिलिलिटर पेट्रोल, दहा मिलिलिटर पाणी, झाकण लावून हलवायचे आणि ठेवून द्यायचे. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर दहाचा अठ्ठावीसच्या आसपास गेला तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. प्रयोग शिक्षकाने स्वतःच, उघड्या हवेत, दिवा-काडी दूर ठेवून करावा. टक्केवारीचा धडा मुले मग विसरत नाहीत.

पेट्रोलचेच तिसरे लहान दुखणे उन्हाळ्यातले. मे महिन्यात भर दुपारी गाडी दहा मिनिटे थांबवली आणि पुन्हा सुरूच होईना, तर घाबरून जाऊ नये. तापलेल्या इंजिनावरच्या पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. पंपावर ओले फडके टाकून पंधरा मिनिटे झाडाखाली बसावे. जुने ड्रायव्हर फडके आणि पाण्याची बाटली सीटखाली ठेवीत, ती याचसाठी.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी हौसेला एक पैची सवलत देणार नाही. पास्कलचा नियम आपण आठवी-नववीत शिकवतो, की बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखा पसरतो. जुन्या मोटारीचा ब्रेक म्हणजे तोच नियम. पायाखालच्या मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांकडे तेल जाते. पण बहुतेक जुन्या गाड्यांत हा मार्ग एकच असतो. आजच्या गाड्यांत तो दोन भागांत विभागलेला असतो, म्हणून एक बाजू फुटली तरी दुसरी चालते. जुन्या गाडीत एका चाकाची दहा-वीस रुपयांची रबरी वाटी फाटली तरी चारही ब्रेक एकदम जातात. पातूरच्या घाटात उतरताना हे घडले तर काय होईल ते मी सांगायला नको.

शिवाय ब्रेकचे तेलही हवेतली ओल शोषते. घाटात ड्रम तापले की त्या ओलीची वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. म्हणून तेल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे, नुसते वरून भरू नये. रबरी नळ्या आणि वाट्या, गाडी चालत असो वा नसो, मुदतीने बदलाव्यात. निघण्यापूर्वी पेडल जोराने दाबून मिनिटभर धरून ठेवावे. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि त्या दिवशी गाडी काढू नये, मग दारात लग्नाचे वऱ्हाड उभे असले तरी. हातब्रेक तारेने चालतो, म्हणून तो नेहमी चालू स्थितीत ठेवावा. तेल गेले तर तोच एक आधार उरतो.

बाकीच्या तक्रारी भराभर सांगतो. पुढच्या चाकांचे किंगपिन वेळेवर ग्रीस न मिळाल्याने झिजतात आणि स्टिअरिंग डुगडुगते. दर दीड हजार किलोमीटरला ग्रीस मारले तर वर्षानुवर्षे टिकतात. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट जळतात, ते घासून त्यांतली फट नीट बसवून घ्यावी. डायनॅमो हळू वेगात बॅटरी भरत नाही, म्हणून रात्रीच्या प्रवासात दिवे मंद पडतात. जुन्या वायरींचे वेष्टण कुजते, आणि उंदीर ते कुरतडतात. गोठ्यालगत ठेवलेल्या गाडीत तर हमखास. सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडून एकदा पाहायचे. पत्र्याचा गंज दाराच्या खालच्या कडेला आणि पायाखालच्या तळाला आधी धरतो. वरचा चकचकीत रंग पाहून गाडी घेऊ नये, पायपुसणे उचलून खालचा पत्रा अंगठ्याने दाबून पाहावा.

आणि समृद्धी महामार्ग. तो आपल्या जिल्ह्यातून, कारंजा-मालेगावकडून जातो, आणि जुनी गाडी तिथे एकदा पळवून पाहावी असे कित्येकांना वाटते. तिथे मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. तुमची गाडी साठ-सत्तरला सुखी. मागून येणारा ट्रकसुद्धा तुम्हाला अडथळा समजणार. मालेगाव-मेहकरचा जुना रस्ता याच गाड्यांच्या काळातला आहे, तो बरा.

सुटे भाग कुठून आणायचे, असे विचारतात. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात फियाटचे पुष्कळसे भाग अजून निघतात. अकोला-नागपूरच्या जुन्या दुकानदारांकडेही माळ्यावर पडलेला माल असतो. पण खरा प्रश्न भागाचा नसून करणाऱ्या हाताचा आहे. आपल्या कारंज्यावरून जाणारी शकुंतला आठवा. १९२१ साली मँचेस्टरला घडवलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत, सत्तर वर्षे, चालले. ते काही सुटे भाग विलायतेहून येत म्हणून नव्हे, तर तुटलेला भाग लेथवर करून देणारी माणसे होती म्हणून. तुमच्या गावात साठीचा मिस्त्री असेल तर त्याच्या हाताखाली आय.टी.आय. झालेला एखादा पोरगा आजच बसवा. पॉइंटची फट कशी लावायची हे त्या पोराला कुणी शाळेत शिकवलेले नाही.

आता राहिले कागद. गाडीला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जास्त झाली असतील, ती मूळ स्वरूपात असेल आणि व्यापारी वापरात नसेल, तर जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे, पुढच्या नूतनीकरणाचे पाच हजार. तिला व्ही.ए. अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. पण अट अशी, की मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. रिसोडच्या बाजाराला तीच गाडी न्यायची असेल तर ही नोंदणी तुमच्या कामाची नाही, दर पाच वर्षांचे नूतनीकरणच बरे.

आणि वडिलोपार्जित गाडीच्या बाबतीत सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे नाव. मालक वारला तर तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा, असा नियम आहे. आपल्याकडे सातबारावर नाव लावायला धावपळ होते, गाडीच्या पुस्तकावर मात्र वडिलांचेच नाव वीस वर्षे राहते. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच काढते. उशीर झाला असला तरी मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, जुने नोंदणी पुस्तक आणि चेसिसवरच्या क्रमांकाचा पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा बरोबर घेऊन वाशिमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जावे. क्रमांक पुस्तकाशी जुळतो का ते घरीच पाहून निघावे. कारण जुन्या गाडीचे इंजिन मध्ये कधीतरी बदललेले असते आणि पुस्तकात त्याची नोंद केलेली नसते. तशी ती नसेल, तर मिस्त्रीला पैसे देण्याआधी तो घोळ निस्तरून घ्यावा.